मोहाचा वास

१

बकाराम तलावाच्या पाळीवर जीपखाली सापडून मेला, तेव्हा सूर्य उगवायचा होता. आणि तो डोक्यावर येईपर्यंत साऱ्या गावाला पक्कं ठाऊक झालं होतं की ड्रायव्हर दारू प्यालेला होता. कुणी पाहिलं? कुणी नाही. कुणी तपासलं? डॉक्टरांनी रक्त घेतलं, ते नागपूरला गेलं, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. पण ड्रायव्हरचं नाव उदेभान मडावी होतं, म्हणजे गोंड, आणि लोकांना तेवढं पुरलं.

मी प्रेमिला कटरे. गोंदियात आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते. बाई मोटार शिकवते म्हणून सुरुवातीला लोक खिडकीतून बघायला यायचे. मी त्यांना आत बोलावून जॅक धरायला लावायची. आता येत नाहीत.

उदेभानची बायको दुर्पता वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली, ती केशोरीकडच्या कोवळीटोल्याहून एसटी बदलत आली होती. उदेभान माझ्याकडे शिकलेला. हात चांगला, बोलणं कमी.

"मॅडम, थो पेला नोहता जी," ती म्हणाली.

"पितो की नाही तो?"

"पेते. देवाले धार देल्यावर पेते, मंडईत पेते. गाडी काढाची असन तं तोंडाले लावत नाई."

उत्तर खरं वाटलं, कारण "कधीच पीत नाही" असं ती म्हणाली नाही. बाकीची हकीकत तिनं उभ्यानंच सांगितली. गावात डोळ्यांच्या शिबिराला म्हाताऱ्यांना न्यायचं होतं. जीप गजेंद्रची, म्हणजे राइस मिलवाल्याची. गजेंद्रला यंदा सरपंच व्हायचं आहे, म्हणून जीप फुकट. उदेभान एरवी फक्त बाजाराच्या दिवशी दुपारी ती चालवायचा, त्या दिवशी त्याला पहाटे बोलावलं. टोल्याबाहेर, म्हणजे वस्तीबाहेर पडलं की लगेच उतार लागतो आणि खाली तलावाच्या पाळीचं वळण. जीप थांबली नाही. बकाराम बैल घेऊन पाळीवरून चालला होता. त्याला उडवून जीप भाताच्या तणसीच्या ढिगात घुसली, म्हणून आतले लोक वाचले.

"आता नळावर गेलो का बाया बाजूले होतेत," दुर्पता म्हणाली. "मारलं असतं तं माफ केलं असतं म्हन्तेत, पण पेऊन मारलं. थो कोठडीत जेवत नाई. म्हन्ते, मी पेलो असं बकारामबाबाच्या घरी समजत असन तं मले बाहेर यायचंच नाई."

गोड बोलता येत नाही मला. मी विचारलं, "ब्रेकबद्दल काय म्हणाला?"

"तेच तं कोनाले पटत नाई. म्हन्ते, पायडल खाली गेलाच नाई. दगडावानी झाला होता."

मी हातातला पाना टेबलावर ठेवला आणि रजेचा अर्ज लिहायला बसले.

२

ठाण्यात उपनिरीक्षक स्वप्निल माने होते. माणूस कोल्हापूरकडचा, तरुण, वागायला अदबशीर. आधी चहा मागवला आणि मग मला शिकवायला लागले.

"मॅडम, गाडीची तपासणी दुसऱ्याच दिवशी दुपारी झाली. ब्रेक उत्तम. आणि हा काय म्हणतो, पायडल कडक झालं! अहो, ब्रेक फेल म्हणजे पाय खाली जातो हे शेंबड्या पोराला माहीत आहे. याला धड खोटंही बोलता येत नाही."

इथे माझं टाळकं सरकलं.

"साहेब, जे शेंबड्या पोराला माहीत आहे ते उदेभानला माहीत नसेल? त्याला खोटंच बोलायचं असतं तर तो तेच बोलला असता. जुन्या गाडीचा पायडल तुमच्याशी बोलतो. सरळ खाली गेला तर ऑइल गळतंय. भिजल्या उशीसारखा लागला तर आत हवा आहे. दोनतीनदा मारल्यावर लागला तर लायनर झिजलेत. आणि दगडासारखा झाला तर? तर आतलं ऑइल पुढे सरकत नाही, नळीत काहीतरी अडलंय. हजारातून एकदा होतं असं. खोटं बोलणारा माणूस हजारातलं एक शोधून काढत नसतो."

"मग दुपारी कसा लागला ब्रेक?"

मी तपासणीचा कागद ओढून वाचायला घेतला. त्यांनी हळूच दुसरा पत्ता टाकला.

"आणि साक्ष आहे ना. ड्रायव्हरशेजारी जमुनाबाई बसली होती. मयताची बायको, मॅडम. तिनंच सांगितलं, पाळीवर गाडी आली तेव्हा मोहाचा वास येत होता."

मयताची बायकोच ती. आधीचं तिचं उदेभानशी ना वैर, ना लोभ. मी चहा तसाच ठेवून अंगणात गेले.

जीप उन्हात उभी होती. मुद्देमाल म्हणून हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं बजावून एक शिपाई माझ्या मागे उभा केला. बघायला कुणाची परवानगी लागते? मी वाकून पाहिलं, झोपून पाहिलं. या जुन्या जीपमध्ये ब्रेकचं ऑइल ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खालच्या मास्टर सिलिंडरमध्ये असतं. तिथून बरंच ऑइल बाहेर आलेलं होतं, पार चॅसीपर्यंत ओघळ गेले होते. ओघळाखालचा रंग मात्र जसाच्या तसा, उलट चमकत होता. चाकांमागची निपलं, म्हणजे हवा काढायचे छोटे बोल्ट, पक्कड लावून कुरतडल्यासारखी झाली होती. आणि सीटखाली उदेभानची पान्यांची गुंडाळी व्यवस्थित बांधून ठेवलेली होती.

उठताना दिसलं की तांबड्या मुंग्यांची एक रांग मागच्या टायरवरून चढून, चॅसीवरून, थेट मास्टर सिलिंडरकडे चालली आहे.

ब्रेक ऑइल रंग खातं. आणि मुंग्या ब्रेक ऑइल खात नाहीत.

३

गुलशनचं गॅरेज फाट्यावर आहे. गजेंद्रची जीप तोच बघतो. मी नुसतं विचारलं की ब्रेकमध्ये काय भरलं होतंस, तर तो अंगावरच आला.

"मैडम, पोला त्योहार के पहले नया ब्रेक ऑइल डाला, सीलबंद डिब्बे का. मेरे हाथ का काम है. बाद में किसने क्या किया, मेरेको मत पूछो."

"निपलला पक्कड तू लावलीस?"

"पक्कड?" तो एवढा दुखावला की क्षणभर मराठीत आला. "मी काय हजाम आहे का मॅडम? निपलला पाना लागतो. वर रबराची टोपी लावतो मी."

निपलांवर टोप्या नव्हत्या. म्हणजे गुलशननंतर कुणीतरी तिथे पोचलं होतं. मी तसं म्हटल्यावर तो जरा निवला आणि डोकं खाजवू लागला.

"मंडई के दिन गजेंद्रभाऊ का फोन आया था. ब्रेक ऑइल टपक रहा है, जल्दी आओ, नाटक मंडली को लाना है. मैं ससुराल में था, उधर भी मंडई. बोला कल आता हूँ. दूसरे दिन मैंने फोन किया तो बोले, अब ज़रूरत नहीं."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. त्या दिवशी दंडारीचा नाच, नाटक, पाहुणे. मेकॅनिक काय, न्हावीसुद्धा सापडत नाही. तेव्हा दुपारी चांगलं कडक ऊन असतं. थंडी नंतर पडते.

"गरज का नाही, ते सांगितलं?"

"हाँ," गुलशन म्हणाला. "बोले, उदेभानने कर दिया."

दुर्पतानं मला हे सांगितलं नव्हतं. फाट्यावरून टोल्याकडे चालताना मला तिचाही राग आला, आणि माझाही.

४

गजेंद्रचं घर गावात शिरताच, मिलला लागून. मी पोचले तेव्हा तो नुकताच मोटारसायकलवरून उतरत होता. कानाला मफलर, अंगात जाड जॅकेट, ओठ थंडीनं फुटून रक्ताळलेले. बोलला मात्र तोंडभर.

"या मॅडम, या. उदेभानचं वाईट वाटते जी. घरच्यासारखा होता. पण काय करता? या लोकांची सवयच तशी."

"या लोकांची म्हणजे?"

त्यानं हसून विषय बदलला. मी सोडला नाही, पण वेगळ्या वाटेनं गेले. "मंडईच्या दिवशी ब्रेक कुणी दुरुस्त केला?"

"उदेभाननंच. मले काय समजते त्यातलं? मी आपला सकाळी मोटारसायकलनं बाहेर जातो, धानाच्या मागे फिरतो. त्या दिवशीबी मी समोर निघून गेलो होतो. नाईतर मीच पाहिलं असतं ना, का पेऊन आला तं."

त्याची आई रुख्माबाई चहा घेऊन आली. गुडघे धरत, हळूहळू. मला खुर्ची पुसून दिली. गजेंद्र फोन आला म्हणून बाहेर गेला, तशी ती पटकन वाकून म्हणाली, "बाई, उदेभान जेवते का जी तथी?"

"नाही जेवत."

तिनं चहाची बशी खाली ठेवली. "थो वाईट पोरगा नोहे," एवढंच बोलली आणि मुलाची चाहूल लागताच आत निघून गेली.

कोठडीतल्या ड्रायव्हरच्या जेवणाची काळजी गावात दोघींनाच होती. एक त्याची बायको, ते समजतं. पण दुसरी कशासाठी?

तिथून मी दुर्पताकडे गेले आणि दारातूनच आवाज चढवला. "मंडईच्या दिवशी ब्रेक उदेभाननं दुरुस्त केला, हे मला का सांगितलं नाहीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंडईच्या दिवशी? मॅडम, थो तं माझ्या माहेरी होता. माझ्या भावाच्या घरी पेनपूजा होती, आमच्या देवाची. सारा गाव साक्षी हाय."

म्हणजे गजेंद्र खोटं बोलला होता. पण खोटं बोलला एवढ्यानं जीपमध्ये काय घातलं होतं हे कळत नव्हतं, आणि सकाळी मेलेला ब्रेक दुपारी जिवंत कसा झाला हेही नाही. आणि मोहाचा वास तर अजून तिथेच होता.

५

जमुनाबाईच्या दारात जायला मला धीर करावा लागला. नवऱ्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते, आणि मी त्याला उडवणाऱ्याची बाजू घेऊन चालले होते. ती अंगणात चुलीपाशी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तर शिबिराला निघाली होती. माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली, "कोन हाय? बसा."

मी कोण ते सांगितलं. ती रागावली नाही. माझाच आवाज ओशाळला.

"मले दिसत नाई बाई, पण समजते," ती म्हणाली. "उताराले लागलो तसा थो पायडलावर उभाच झाला. दोन्ही पायानं. वरच्या लोखंडाले त्याचं डोकं आपटलं. हँडब्रेक ओढला, थो तं उगाच होता. मोठ्यानं वरडे, बाबा बाजूले हो, बाजूले हो. मंग..." ती थांबली. "मंग पायापाशी कायतरी चिकट उडलं, आनि वास आला."

"मोहाचा."

"मोहाचा?" ती एकदम ताठ झाली. "मी कोठी म्हनलो मोहाचा? मी म्हनलो टोरीचा. टोरीच्या तेलाचा वास आला म्हनून सांगतलं मी थ्या पोलिसाले!"

मी गोंदिया शहरात वाढले, पण टोरी मला ठाऊक आहे. मोहाची फुलं गळून गेली की जे फळ धरतं, त्याच्या आतली बी म्हणजे टोरी. घाण्यात घालून तिचं तेल काढतात, ते जेवणात चालतं, दिव्यात चालतं, गुडघ्यांना चालतं. त्या तेलाचा आणि दारूचा वास एक म्हणणं म्हणजे उसाच्या रसाला दारू म्हणण्यासारखं आहे.

"मग साहेबांनी मोहाचा कसा लिहिला?"

"त्यायनं इचारलं, टोरी मंजे का? मी रडत होतो बाई, मले बोलता नाई आलं. गजेंद्र बाजूलेच होता. थो म्हनला, टोरी मंजे मोहाची जी."

मी बसल्या जागी जळले. एक शब्द खोटा नव्हता! टोरी मोहाचीच असते. परमुलखातल्या साहेबाला एवढंच सांगायचं आणि पुढचं त्याच्या डोक्यावर सोडायचं. मडावी ड्रायव्हर, मोहाचा वास. आता पुढे विचारायला कोण थांबतो? बाईनं आपल्या कुंकवाचं दुःख गिळून खरी साक्ष दिली आणि तिच्याच तोंडच्या शब्दानं निरपराध माणूस आत गेला.

"माझ्या मुकानं त्याले धाडलं का मंग?" जमुनाबाईनं विचारलं.

"तुमच्या नाही. ऐकणाऱ्यांच्या कानानं धाडलं."

ती भिंतीला धरून उठली. मग सांजेचा दिवा लावायचा म्हणून चाचपत कोपऱ्यातली बाटली घेतली. पणतीवर उलटी केली. तेल येईना. तिनं बाटली चुलीच्या वायलाशी, जाळाजवळ सरकवली, जराशी फिरवली.

"थंडी हाय ना," ती म्हणाली. "सकार-सांज टोरीचं तेल गोठून जाते. तुपावानी."

मी त्या पांढऱ्या, थिजलेल्या बाटलीकडे बघत राहिले. चुलीच्या उबेनं ती हळूहळू पिवळी होत गेली, आणि तेल वाहू लागलं.

६

मानेसाहेबांना मी एकच गोष्ट मागितली. जीप पुन्हा तपासायची, पण सकाळी, ऊन अंगणात यायच्या आधी. मालक म्हणून गजेंद्रला बोलवायचं आणि उदेभानलाही बाहेर आणायचं. ते कुरकुरले, पण मुंग्यांची रांग मी त्यांना स्वतः नेऊन दाखवली होती.

सकाळी अंगणात दवानं भिजलेली जीप उभी होती. तोंडातून वाफा निघत होत्या. उदेभान भिंतीला टेकून उभा, मान खाली. गजेंद्र मफलरमध्ये. आणि कुणी बोलावलं नसताना रुख्माबाई आली होती, हातात उदेभानसाठी जेवणाचा डबा घेऊन.

गुलशननं जॅक लावून एक चाक उचललं. मी मानेसाहेबांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "दाबा ब्रेक."

त्यांनी दाबला. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, जोर लावून दाबला. चेहरा लाल झाला.

"अहो, हे हलतच नाही!"

"दगडासारखं झालंय?" मी विचारलं. गुलशननं चाकाला एक टोला दिला. चाक मजेत फिरत राहिलं.

त्यानं फळी काढली, मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. आत पांढरट, मऊ थर. गुलशननं बोटावर घेतला, हुंगला, तोंड वाकडं केलं. मानेसाहेबांनीही हुंगला.

"हा वास..."

"हाच तुमचा मोहाचा वास, साहेब. टोरीचं तेल. कडक उन्हात पातळ, म्हणून मंडईच्या दुपारी ब्रेक लागला. थंडीत सकाळी नळीत गोठतं. तुमची तपासणी दुपारी झाली, गाडी उन्हात तापलेली. ब्रेक उत्तम लागणारच. उदेभान पायडलवर उभा राहिला तेव्हा रबरामागून तेल फुटलं, जमुनाबाईच्या पायाशी उडलं. ती खरं बोलली, उदेभान खरं बोलला. तुम्हीच तेवढं ऐकलं नाही."

थांबलो आम्ही सगळे. ऊन अंगणात आलं, जीपवर चढलं, पत्रा गरम झाला. गुलशननं पुन्हा चाक फिरवलं. मानेसाहेबांनी पाय ठेवला आणि चाक जागच्या जागी थांबलं. ते सीटवरून उतरले तेव्हा उदेभानकडे त्यांना बघवेना.

गजेंद्र मात्र तयारच होता. "पाहा साहेब! टोरीचं तेल गावात कोण काढते? दुर्पता. नवऱ्यानं घरचं तेल टाकलं ना मंग!"

"मंडईच्या दिवशी उदेभान सासुरवाडीला पूजेत होता," मी म्हटलं. "आणि ज्याच्या सीटखाली पान्यांची गुंडाळी आहे तो निपलला पक्कड लावत नाही. पक्कड लावतो तो ज्याला पाने कुठे आहेत हेही माहीत नाही. पण ते जाऊ द्या. मला एक सांगा गजेंद्रभाऊ, घरी टपाची जीप असताना तुम्ही पहाटेच्या थंडीत मोटारसायकलवर का फिरता? ओठ फुटून रक्त येईपर्यंत?"

"डिझेल..."

"गेल्या थंडीत कसे जायचे? मी मिलवर विचारून आले. जीपनं. यंदा थंडी पडली आणि तुम्ही जीप सोडली. सकाळी सोडली, दुपारी नाही. कारण एखाद्या सकाळी तुमच्याच पायाखाली पायडल दगड झाला होता. तुम्हाला ठाऊक होतं. आणि त्याच जीपमध्ये, त्याच वेळी, तुम्ही गावातल्या म्हाताऱ्या भरल्या, उदेभानला बसवलं आणि स्वतः मोटारसायकलवर पुढे निघून गेलात."

"खोटं हाय! पुरावा काय?"

खरंच, पुरावा काय? फुटलेले ओठ कोर्टात चालत नाहीत. मी वळले.

"ब्रेकमध्ये नवीन ऑइल भरलं की हवा काढावी लागते. ते काम एकट्याचं नाही. एक माणूस खाली झोपून निपल उघडतो, दुसरा वर बसून पायडल दाबतो. यांनी खाली पक्कड चालवली. वर पाय कुणाचा होता?"

मग डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"माझा," रुख्माबाई म्हणाली.

"माय, चूप राय!"

"कायले चूप राहू? तूच तं म्हनत होता, दाब माय, सोड माय. तुझे वडील एरंडीचं तेल टाकत होते ब्रेकमधी, तेल तं तेल, म्हनून माझ्या गुडघ्याची टोरीची बाटली नेली." ती मानेसाहेबांकडे वळली. "मंग थंडीत एक दिवस कोठ्याच्या भिंतीले जीप धडकवली यानं. मी म्हनलो, बापा, उदेभानले सांग. हा म्हने, सांगतो माय. शिबिराच्या दिवशी मी पुन्हा इचारलं. म्हने, सांगतलं." तिनं डबा उदेभानपुढे सरकवला. "मले वाटलं सांगतलं असन जी."

गजेंद्रनं हात जोडले. चूक झाली म्हणाला. चूक! तेल घातलं ती चूक होती, तेवढी मी कुणालाही माफ करीन. अडल्या दिवशी माणूस काहीही करतो. पण माहीत असून दुसऱ्याला त्या सीटवर बसवणं, आणि माणूस मेल्यावर "टोरी म्हणजे मोहाची जी" म्हणून बाजूला होणं, याला आमच्या भाषेत चूक म्हणत नाहीत.

७

पुढचं ठाण्यानं आणि कोर्टानं करायचं ते केलं. त्यात मी पडत नाही. नागपूरहून रक्ताचा रिपोर्टही साफ आला. उदेभान सुटला, पण घरी येऊन दार लावून बसला. मानेसाहेब मला फोनवर म्हणाले, "कागदोपत्री सगळं साफ केलंय मॅडम." मी म्हटलं, "गाव कागद वाचत नाही. तुम्ही या."

बकारामच्या तेरवीला आले ते. अंगणात सारा गाव बसला होता, पंगत मांडायची होती. उदेभान दुर्पतासोबत कुंपणाबाहेर उभा. आत ये कुणी म्हणालं नव्हतं, आणि तोही आला नव्हता. मानेसाहेबांनी टोपी काढली, घसा साफ केला.

"तपासाअंती सदर वाहनचालकाने मद्यप्राशन केलेले नसल्याचे निष्पन्न झाले आहे."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"का म्हन्ला थो?" जमुनाबाईनं विचारलं. मग आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "साहेब, माझी बोली तुमाले लिवताना समजली नाई. आता तं आमच्या बोलीत बोला."

मानेसाहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं आता उठून जातील. ते गेले नाहीत.

"उदेभान," ते अडखळत म्हणाले, "पेला नोहता."

"जोऱ्यानं," जमुनाबाई म्हणाली.

"उदेभान पेला नोहता!"

कुंपणाबाहेर उदेभान मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. अंगणात कुणी हललं नाही. ज्या बाया नळावर बाजूला होत होत्या त्या आता पदराशी चाळा करत होत्या, आणि मला त्यांच्याशी भांडायला उठायचंच होतं. पण जमुनाबाई माझ्याआधी उठली. चाचपडत, लोकांच्या खांद्यांवर हात टेकत ती कुंपणापर्यंत गेली. उदेभानचं मनगट धरून तिनं त्याला आत आणलं आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं.

"वाढा," ती म्हणाली.

आणि लोकांनी वाढायला घेतलं.